सेल्फ-सपोर्टेड ग्रॅव्हल: तीन दिवस, 400 किलोमीटर आणि मागे गाडी नाही

प्रश्न थोडक्यात असा: डांबरी रस्त्यावर दिवसाला 150-200 किलोमीटर होतात. आता तीन दिवसांत 400 किलोमीटर कच्च्या रस्त्यांनी, शेतं आणि माळरानं ओलांडत, एकट्याने आणि मागे गाडी न ठेवता करायचे आहेत. सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठीची आहे, टायर 40 मिलिमीटरचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट, असतो). बॅगा, दिवे, जीपीएस यांतलं काय घ्यावं आणि रोजचं अंतर किती धरावं?

खरेदीचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो. आधी राईड कशाने बुडते ते बघू. मी आजवर अर्धवट सोडलेल्या राईड आठवून बघितल्या, तर पायातला दम संपला म्हणून सोडलेली एकच निघाली. बाकी सगळ्या कुठल्यातरी फुटकळ गोष्टीने घालवल्या. आणि दर वेळी ती गोष्ट फुटकळ होती तेव्हाच मला दिसली होती. वेग बरा लागला होता, थांबायचा कंटाळा केला, एवढंच.

सेल्फ-सपोर्टेड म्हणजे काय याचा नेमका नियम लांब पल्ल्याच्या स्पर्धांनी घालून दिला आहे. टूर डिव्हाइड ही कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंतची सुमारे 4,400 किलोमीटरची राईड. तिथे वाटेतलं दुकान, मुक्कामाची जागा, सायकल दुरुस्ती हे सगळं चालतं, पण जे कुणालाही मिळू शकतं तेवढंच. मित्राने ठरवून आणून दिलेली पाण्याची बाटली चालत नाही. तुम्ही स्पर्धेत नसलात तरी हा नियम आखणीला फार उपयोगी पडतो. नकाशावर पाणी, खाणं आणि दुरुस्ती नक्की मिळेल अशा जागांवर खुणा करा. मग दोन खुणांमधलं अंतर बघा. तुमची राईड 400 किलोमीटरची नाही, ती या तुकड्यांची आहे. सगळ्यात लांब तुकडा 70 किलोमीटरचा असेल, तर सामान त्या 70 किलोमीटरच्या हिशोबाने भरायचं.

अंतराचा हिशोब डांबरावरच्या वेगाने करू नका. डांबरावर ताशी सरासरी 25 किलोमीटर पडत असतील तर सामानासकट ग्रॅव्हलवर 17-18 धरा. थांबे मिळवलेत की घड्याळाने 13-14 उरतो. म्हणजे 130 किलोमीटरला साधारण साडेनऊ-दहा तास. चढ जास्त असतील तर आणखी. मी तुमच्या जागी असतो तर पहिला दिवस 130, दुसरा 150 आणि तिसरा 120 ठेवला असता. पहिल्या दिवशी बॅगा, सीट, पट्टे हे सगळं आपापल्या जागी बसतं, त्यात वेळ जातो. आणि तिसऱ्या दिवशी मान आखडलेली असते.

मार्ग आखताना आणखी एक गंमत होते. नकाशावर ठसठशीत दिसणारी वाट जागेवर नांगरलेल्या शेतात गडप झालेली असते. म्हणून प्रत्येक शंकास्पद तुकडा उपग्रहाच्या चित्रात बघून घ्या आणि प्रत्येकाला जवळच्या डांबरी रस्त्याचा पर्याय आधीच आखून फाइलमध्ये ठेवा. दमल्यावर, ऊन डोक्यावर असताना, फोनच्या छोट्या पडद्यावर नवी वाट शोधणारा माणूस हमखास चुकीची वाट शोधतो.

आता टायर. इथे जरा वेळ काढतो, कारण ग्रॅव्हलवरची निम्मी सुखदुःखं इथेच आहेत.

डांबरावरून येणारा माणूस सवयीने हवा जास्त भरतो. कडक टायर खडीवर उड्या मारतो, चढावर मागचं चाक जागीच फिरतं, उतारावर पुढचं घसरतं आणि संध्याकाळपर्यंत मनगटं कामातून जातात. तुमचं वजन 75 किलोच्या आसपास आणि सायकल-सामान मिळून 18 किलो असेल, तर 40 च्या टायरला पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. मग एकाच खडबडीत तुकड्यावरून दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करून चालवून बघा. दोन पीएसआयने काय होणार असं वाटेल, पण फरक हाताला लगेच कळतो. दगडावरून जाताना रिमचा ‘ठक्क’ असा आवाज आला तर हवा कमी आहे, किंवा तुम्ही सीटवर पोत्यासारखे बसला आहात. खडबडीत जागी वजन पायांवर घ्यायचं, कोपर सैल सोडायचे आणि सायकलला खाली नाचू द्यायचं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. सुट्या खडीच्या वळणात दाबलेला पुढचा ब्रेक माफ करत नाही.

छोट्या पंपाला बहुतेक वेळा दाब दाखवणारा काटा नसतो. म्हणून घरी एकदा टायर पूर्ण मोकळा करा, त्याच पंपाने भरा आणि झटके मोजा. माझ्या पंपाने मागच्या टायरला 210 लागतात. हा आकडा माहीत असला की रस्त्यावर अंदाजाचं काम उरत नाही. सीओटूचं (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचं) नळकांडं ठेवायला हरकत नाही, पण त्याने काही सीलंटच्या गुठळ्या होतात आणि तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो. पंपाला पर्याय म्हणून ते नको.

आता माझी फजिती सांगतो. दुसऱ्या दिवसाची दुपार होती. मागचा टायर किंचित मऊ लागत होता. वळताना सायकलचं शेपूट हलल्यासारखं होत होतं. थांबून अंगठ्याने दाबून बघायला अर्धा मिनिट लागला असता. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणालो. पुढे लांब उतार होता, पांढऱ्या धारदार दगडांचा. त्यातल्या एकाने साइडवॉल, म्हणजे टायरची कडेची भिंत, कापली. पोटरीवर सीलंटची पांढरी पिचकारी आणि फुस्स. कडेला घेतलं, टायरच्या छेदात प्लग (भोक बुजवायची चिकट रबरी पट्टी) खुपसला, मग दुसरा. ट्रेडवरच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या, भोकाला प्लग मस्त बसतो, साइडवॉलच्या चिरेत तो धरत नाही. हवा भरली की दोन्ही प्लग हळूच बाहेर यायचे.

मग ट्यूब टाकायची ठरवली. त्यासाठी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढायला हवा, आणि त्याची रिमवरची चकती मी कधीतरी पक्कडीने आवळून ठेवली होती. हाताने हलेना. रुमाल गुंडाळून, दातओठ खाऊन, शेवटी मल्टिटूलच्या दोन पात्यांत पकडून ती सुटली. यात वीस मिनिटं गेली. चिरेला आतून दात घासायच्या धाग्याचे पाच टाके घातले, वर एनर्जी जेलच्या रिकाम्या पाकिटाचं ठिगळ ठेवलं, ट्यूब बसवली, 210 झटके मारले आणि निघालो. चार किलोमीटरवर पुन्हा बसलं.

कारण ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन् महिने काटे घुसत असतात आणि सीलंट त्यांना गुपचूप बुजवत असतं. तुम्हाला पत्ताही नसतो. ट्यूब टाकलीत की ते सगळे काटे एकदम जागे होतात. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, सावकाश, पूर्ण वेढा, दोन्ही दिशांनी. त्या दिवशी मला तीन काटे सापडले, ट्यूब फुटल्यानंतर. उरलेली एकच ट्यूब होती, ती टाकून निम्म्या हवेवर, उतारसुद्धा दबकत दबकत उतरत मुक्काम गाठला तेव्हा अंधार पडून दोन तास झाले होते. हे सगळं त्या अर्ध्या मिनिटाचं व्याज. मऊ टायरमुळेच कडेचं रबर दगडाला जास्त भिडलं, याबद्दल मला शंका नाही.

तर टायरचं सामान असं: दोन ट्यूब (टीपीयू या पातळ प्लास्टिकच्या घ्या, मुठीत मावतात), प्लग आणि त्याची सुई, जाड सुई आणि मजबूत धागा, ठिगळाला टायरचा जुना तुकडा, टायर लिव्हर, व्हॉल्व्हचा एक सुटा कोअर (त्याचा आतला भाग) आणि तो काढायची किल्ली, 60 मिलिलिटरची सीलंटची बाटली. सीलंट दोन-तीन महिन्यांत आत वाळून जातं, गरम हवेत त्याहून लवकर. निघायच्या आठवड्यात ताजं घाला. चाक कानाजवळ धरून हलवलं की आत पाणी डचमळल्यासारखं ऐकू आलं पाहिजे.

चिखलाबद्दल एकच नियम आहे, पण तो ऐन वेळी मोडायचा मोह फार होतो. चिकणमातीचा चिखल लागला की पेडल मारणं तत्काळ बंद. ती माती टायरला चिकटते, तिच्यात खडे आणि गवत मिसळतं, आणि फ्रेम व चाक यांच्यामध्ये विटेसारखा थर बसतो. तरीही जोर लावलात तर चेन मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ओढून चाकात घालते आणि त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, मोडतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया इथे भरणारी अनबाउंड ही 200 मैलांची शर्यत ग्रॅव्हलमधली सर्वांत नावाजलेली. 2023 साली तिथे सुरुवातीच्या पहिल्या काही मैलांतच असा चिखल लागला की भल्याभल्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या. तिथले जाणते लोक रंग ढवळायची लाकडी पट्टी सोबत ठेवतात, चिखल खरवडायला. मीही ठेवतो. वजन नाही, किंमत नाही आणि बोटांपेक्षा दसपट काम करते. शक्य तिथे कडेच्या गवतावरून सायकल ढकला. थर बसायच्या आधी उचललीत तर ती सामान सोडून नऊ किलोची असते, बसल्यावर उचललीत तर पंधराची.

हँगर फ्रेमनुसार वेगळा असतो. वाटेतल्या कुठल्याही दुकानात तुमचा मिळणार नाही असं धरून चाला आणि एक सुटा सोबत ठेवा. तोही नसेल तर चेन तोडून, आखूड करून, एकाच गिअरवर जोडता येते. त्याला चेन टूल आणि क्विक लिंक (चेनची टोकं जोडायची सुटी कडी) लागते. पण हे काम घरी एकदा तरी करून बघितलेलं असावं. व्हिडिओ बघणं वेगळं आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी ती पिन अर्धवट ढकलणं वेगळं.

शरीराचं गणितही हेच आहे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, तर तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते आहे. पहिल्या दिवशी मुंग्या म्हणून सोडून दिलं की तिसऱ्या दिवशी त्या हाताने जॅकेटची चेनसुद्धा लागत नाही, आणि बधिरपणा पुढे काही आठवडे टिकू शकतो. हाताची पकड दर दहा मिनिटांनी बदला, टायरची हवा एक-दोन पीएसआयने सोडा, सीटचं नाक फार खाली झुकलं असेल तर सरळ करा. नाक झुकलेलं असलं की सगळा भार हातांवर सरकतो, आणि आपण खापर फोडतो ग्लोव्हजवर. सीटखाली कुठेही चरचरलं तर त्याच ठिकाणी थांबून क्रीम लावा. लाज वाटायचं कारण नाही, तिथे बघायला गुरांशिवाय कुणी नसतं. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही. दोन जोड न्या, एक अंगात, एक धुऊन वाळत.

खाणं-पिणं. तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. डांबरावर हे जमतं, कारण एक हात मोकळा असतो. खडबडीत वाटेवर दोन्ही हात हँडलला चिकटलेले असतात, माणूस ‘पुढे सपाट लागलं की खाऊ’ म्हणतो आणि सपाट लागतच नाही. म्हणून खाणं हँडलजवळच्या उघड्या थैलीत, एका हाताने काढता येईल असं ठेवायचं. घड्याळाला दर 25 मिनिटांचा गजर लावा, वाजला की घासभर खायचं, भूक असो नसो. पहिले सहा तास गोड चालतं. नंतर गोडाची शिसारी येते, तेव्हा खारं हवं. नुसतं पाणी पीत राहू नका. घामातून मीठ जातं आणि पाणीच पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरलं तर डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत वेळ येते. माणूस ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजतो आणि आणखी पाणी पितो.

शेतीच्या मुलखात पाण्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पोकळ तंतूंचा पिळायचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, पण फवारणीची औषधं आणि खतं अडवत नाही. शेताच्या कडेच्या चरातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी भरू नका. विहीर, नळ किंवा कुणाच्या तरी घरी मागून घेतलेलं पाणी बरं. दोन, गुरं जातात त्या वाटेवरचा चिखल चाकावरून उडून थेट बाटलीच्या तोंडावर बसतो. 2008 साली वेल्समधल्या बिल्थ वेल्स इथल्या माउंटन बाईक शर्यतीनंतर बरेच जण कॅम्पायलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूने आजारी पडले होते आणि तपासात बोट चिखल तोंडात जाण्याकडेच गेलं. झाकण असलेल्या बाटल्या घ्या, किंवा फ्रेमच्या बॅगेत पाण्याची पिशवी ठेवून नळी वर आणा.

फाटक जसं होतं तसं ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावून. गुरांच्या मागून येत असाल तर लांबूनच बोलायला लागा, माणसाचा आवाज ऐकला की ती बिचकत नाहीत. कुत्रा अंगावर आला तर पळवायला जाऊ नका, सामानाची सायकल त्याच्यापेक्षा जोरात जाणार नाही. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि चालत पुढे सरका. बहुतेक कुत्र्यांना पळणारं चाक हवं असतं, चालणाऱ्या माणसात त्यांना रस नसतो.

आता तुमची खरेदी. तीन दिवसांसाठी डायनॅमो हब (चाक फिरताना वीज बनवणारा) नको. तो साधारण 3 वॅट देतो, तेही बरा वेग असला तर. चढावर रांगताना चार्जिंगला फारसं काही उरत नाही. 10,000 एमएएचच्या दोन पॉवर बँक पुरतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपेल. मार्ग जीपीएसवर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ऑफलाइन. बॅगा तीन: हँडलला हलकं आणि मऊ, फ्रेममध्ये जड (हत्यारं, पाणी, पॉवर बँक), सीटमागे कपडे. सीटमागच्या बॅगेत जड काही भरलंत तर ती डुलते आणि चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही. पहिल्या तासाभराने थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, सामान दबून ते सैल झालेलेच असतात. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट हादऱ्यांनी सुटतात, त्यांना निघण्याआधी थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा गोंद) लावा. उन्हाळा असला तरी एक गरम थर आणि आपत्कालीन फॉइलचं पांघरूण असू द्या. पहाटे उजाडण्याच्या जरा आधी थंडी सगळ्यात जास्त वाजते, आणि पंक्चर काढायला बसलेल्या माणसाला तर फारच. रेंज नसलेला तुकडा मोठा असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भाड्याने मिळालं तर बघा. यादीतली महागडी वस्तू एवढीच मी मान्य करेन.

थांबण्याची सवय कशी लावायची, तर मी दर दोन तासांनी एक थांबा ठरवून घेतो, काही बिघडलेलं असो नसो. सायकल टेकवायची, दोन्ही टायर अंगठ्याने दाबायचे, साइडवॉलवर नजर फिरवायची, चेनला कोरडा आवाज येत असेल तर पुसून तेलाचे थेंब, पट्टे ओढून बघायचे, बोटं ताणायची, खायचं. सहा मिनिटं. दिवसात पाच वेळा म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ 130 किलोमीटरच्या हिशोबात मी आधीच धरला आहे.

निघायच्या महिनाभर आधी एक रात्र मुक्कामाची सराव राईड करा, 80 अधिक 80, पूर्ण सामानासकट. परत आल्यावर बॅगा जमिनीवर ओता. जे वापरलं नाही ते बाजूला काढा, दुरुस्तीचं सामान आणि गरम थर सोडून. आणि व्हॉल्व्हची ती चकती आज संध्याकाळीच हाताने सुटते का बघा. नाही सुटली तर पक्कडीने सोडवा आणि परत लावताना फक्त बोटांनी आवळा.